फोन समोर धरला की माझा आवाज काउंटरवरचा होतो. घरच्यांसाठी साध्या आठवणी कशा साठवाव्यात?

तिसरा_मजला

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं वाचनमात्र आहे. पाककृती विभागात दोनदा तोंड उघडलंय, तेही भरल्या वांग्यात गूळ घालायचा की नाही यावरून. आज मात्र खरंच अडलंय म्हणून विचारतेय.

मी ठाण्यात, चरईत राहते. वय ४७. एका सहकारी बँकेत काउंटरवर २१ वर्षं झाली. गणपतीनंतर छातीत गाठ सापडली, तपासण्या झाल्या आणि ऑक्टोबरपासून केमो सुरू आहे. दर २१ दिवसांनी एक, अशा आठ. चार झाल्या. या चारांत ते लाल औषध होतं. त्या दिवशी लघवीही लाल होते. नर्सने आधी सांगून ठेवलं होतं, तरी पहिल्या खेपेला मी बाथरूममधून किंचाळून नवऱ्याला बोलावलं. आता दुसरं औषध सुरू होईल. गाठ लहान होतेय, डॉक्टर समाधानी आहेत. तेव्हा कृपा करून "धीर सोडू नका" असं कोणी लिहू नका. धीर आहे. बाकी बरंच सुटलंय, केसांपासून सुरुवात करून.

मुलगी दहावीला आहे. फेब्रुवारीत बोर्ड. घरात सध्या बोलणं होतं ते असं: गोळी घेतलीस का, ताप बघितलास का, भूमितीचा पेपर कसा गेला, डबा राहिला बघ. गप्पा कोणी मारत नाही. पूर्वी आमच्याकडची भांडणं खालच्या पिठाच्या गिरणीपर्यंत ऐकू जायची, गिरणी चालू असताना. आता सगळे चवड्यांवर चालल्यासारखे बोलतात. म्हणून मला वाटायला लागलं की या घरात हसण्यासारखं जे जे घडलंय ते कुठेतरी बोलून ठेवावं. लेकीसाठी, नवऱ्यासाठी आणि खरं सांगायचं तर माझ्यासाठीही. मी गेल्यावर ऐका असं नाही. आत्ता, भूमितीच्या पेपरनंतर ऐका, असं.

आमच्या वन्सं डोंबिवलीला असतात. त्यांनी सुचवलं की लेकीला पत्रं लिही. अठराव्या वाढदिवसाचं, पदवीचं, लग्नाचं, वेगवेगळ्या पाकिटांत. चांगल्या मनानेच म्हणाल्या. मी बसलेही. तीन ओळी झाल्या: अभ्यास कर, बाबांना जप, कोणावर पटकन विश्वास ठेवू नकोस. वाचून मलाच धडकी भरली. लग्नाच्या पाकिटातून असलं पत्र निघालं तर पोरगी मांडवातून पळून जाईल. फाडलं.

मग वाटलं, बोलून ठेवू. केमोच्या दिवशी स्टिरॉइड देतात, त्या रात्री मला डोळ्याला डोळा लागत नाही. चौथ्या केमोच्या रात्री तीन वाजता स्वयंपाकघरात बसले, फोन बरणीला टेकवून उभा केला आणि वीस मिनिटं बोलले. सकाळी ऐकलं तर काय, "नमस्कार. आज मी आपल्या कुटुंबातील काही आठवणी सांगणार आहे." आपल्या कुटुंबातील! पुढच्या वाक्याला मी केवायसीची कागदपत्रं मागते की काय असं वाटलं. शिवाय तो आवाज माझा नाहीच, कोणातरी बारीक, नाकात बोलणाऱ्या बाईचा आहे.

सांगायचं आहे ते अगदीच किरकोळ. लेक चार वर्षांची असताना तलावपाळीला होडीत बसलो होतो. तिचं मक्याचं कणीस पाण्यात पडलं, तिने भोकाड पसरलं, होडीवाल्याने वल्ह्याने ते काढून दिलं आणि आम्ही "अगं नको" म्हणेपर्यंत तिने फ्रॉकला पुसून चावा घेतला. त्या पाण्यात काय काय असतं ते ठाणेकरांना सांगायला नको. पुढे चार दिवस आम्ही दोघं तिच्याकडे रोखून बघत होतो. काहीही झालं नाही. किंवा सासूबाई मालिकेतल्या खलनायिकेला रत्नागिरीच्या भाषेत कशा शिव्या घालायच्या आणि जाहिरात लागली की लगेच शांतपणे शेंगा कशा सोलायच्या.

आणि टोमॅटो. २६ जुलै २००५, आमच्या लग्नाला पाच महिने झाले होते. हे तेव्हा अंधेरीला सीप्झजवळ कामाला होते. सकाळी निघताना मी म्हटलं होतं, येताना टोमॅटो आणा. मग तो पाऊस. फोन बंद, गाड्या बंद. रात्रभर पत्ता नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी चार वाजता दारात उभे. पॅंट गुडघ्यापर्यंत चिखलाची, एक चप्पल निळी, एक काळी, आणि हातात टोमॅटोची पिशवी. पवई, कांजूर, भांडुप, मुलुंड असं चालत आले होते. मी रडायला लागले तर म्हणाले, "तू सांगितले होतेस ना." बस. या माणसाने माझ्याशी आयुष्यात याहून प्रेमाचं वाक्य बोललेलं नाही. लेकीला हे ठाऊकच नाही. तिच्या लेखी बाबा म्हणजे ऐरोलीच्या ऑफिसातून येऊन बातम्या लावणारा माणूस.

तर विचारायचं असं की हे माझ्या खऱ्या आवाजात कसं यावं? लिहू की बोलू? आणि फोनमधलं टिकतं का? माझा मागचा फोन रिक्षात राहिला तेव्हा लेकीचे पहिलीपर्यंतचे सगळे फोटो गेलेत, त्यामुळे तीही धास्ती आहे.

सकारात्मक_राहा

ताई, आठवणी वगैरे साठवायला आत्ताच कशाला बसलात? असल्या विचारांनी मन कमकुवत होतं. तुम्ही ठणठणीत बऱ्या होणार आहात. आधी बऱ्या व्हा, मग निवांत बघा.

तिसरा_मजला

@सकारात्मक_राहा, होणारच आहे. मग बरी झाल्यावर या आठवणी काय पुसून टाकायच्या?

वल्हे_वल्हव

कणसाला +१. माझं पाणीपुरीचं द्रोण गेलं होतं त्याच तलावात. वाचतोय.

उशाशी_रेडिओ

ताई, हा माझा प्रांत. तीसेक वर्षं डबिंग स्टुडिओत काचेच्या या बाजूला बसलो, आता नेरूळला निवृत्त आहे आणि खाडीवर फ्लेमिंगो बघतो. (दिसायला इतका नाजूक पक्षी, ओरडतो मात्र बदकासारखा. फोटो सगळे काढतात, आवाज कोणी घेत नाही.)

आधी त्या नाकात बोलणाऱ्या बाईचं. ती तुम्हीच आहात. आपण बोलतो तेव्हा आपला आवाज कानाला बाहेरून तर येतोच, शिवाय कवटीच्या हाडांतून आतूनही येतो, आणि हाडांतून येताना तो भारदस्त होऊन येतो. रेकॉर्डिंगमध्ये हाडांचा भाग नसतो. म्हणून प्रत्येकाला स्वतःचा आवाज परका आणि बारीक वाटतो. भलेभले नट पहिल्या दिवशी कानाला हेडफोन लावून तोंड वाकडं करायचे. घरच्यांना मात्र तुम्ही कायम तशाच ऐकू येत आलात. त्यांच्यासाठी तोच खरा.

आता काउंटरचा सूर. माणूस यंत्राशी बोलायला लागला की भाषण करतो. नवशिक्या कलाकाराचं असं व्हायचं तेव्हा आमचे साहेब त्याच्यासमोर एका माणसाला नुसतं बसवायचे. त्याने काही करायचं नाही, ऐकायचं फक्त. सूर लगेच खाली यायचा. तेव्हा एकट्याने रात्री तीनला बसू नका. समोर कोणीतरी हवं, आणि हाताला काम हवं. भाजी निवडा, कपड्यांच्या घड्या घाला. हात गुंतले की जीभ सुटते. फोन आधीच चालू करून ठेवा आणि पहिली पाच मिनिटं वाया गेली असं समजून सोडून द्या. सुरुवात नंतर कापता येते.

फोन तोंडापासून वीत-दीड वीत लांब, जरा बाजूला. समोर धरलात तर "प" आणि "फ" फटाक्यासारखे येतात. ओट्यावर आडवा ठेवणार असाल तर खाली दुमडलेला नॅपकिन घाला, नाहीतर प्रत्येक भांडं आपटल्याचा धक्का आत जातो. विमान मोड लावा. फरशी आणि उघड्या भिंती असलेली खोली घुमते. अंथरूण, पडदे, कपड्यांचं उघडं कपाट असलेली खोली बरी. पंखा शक्यतो बंद. एवढंच. कुकरच्या शिट्ट्या, गिरणीचा पट्टा, खालून जाणारा भंगारवाला, हे घालवायच्या मागे लागू नका. उलट एकदा कोणीही न बोलता नुसतं घर दोन मिनिटं रेकॉर्ड करा. आम्ही स्टुडिओत प्रत्येक जागेची शांतता वेगळी घेऊन ठेवायचो. दोन घरांची शांतता कधी सारखी नसते.

टिकण्याचं बघू. फोनमधल्या साध्या रेकॉर्डरचा तास साधारण ६० एमबीत बसतो, म्हणजे जागेची चिंता नाही. व्हॉट्सअॅपवर व्हॉइस नोट म्हणून पाठवलं की आवाज दाबला जातो. रेकॉर्डरची फाइल "डॉक्युमेंट" म्हणून पाठवा, जशीच्या तशी जाईल. पण व्हॉट्सअॅपला माळा समजू नका. खातं १२० दिवस वापरलं नाही तर ते साधारणपणे काढून टाकतात. गूगलचं खातंही दोन वर्षं कोणी उघडलं नाही तर पुसलं जाऊ शकतं, फोटो-बिटो सगळं धरून. गूगलमध्ये "इनॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर" नावाची सोय आहे. खातं किती महिने शांत राहिलं तर कोणाला कळवायचं आणि त्यातलं काय द्यायचं ते आपण आधी ठरवून ठेवतो. आजारी असा वा नसा, प्रत्येकाने करून ठेवावी. मी माझ्या मुलाला नेमलंय, त्याला अजून सांगितलेलं नाही.

तीन प्रती ठेवा: फोनमध्ये, गूगल ड्राइव्हवर, आणि एका पेन ड्राइव्हवर, जो तुमच्या घरात नसेल. डोंबिवलीच्या वन्संना द्या. पत्रांचं नाही तर नाही, या कामी तरी येतील. मात्र पेन ड्राइव्ह वर्षातून एकदा लावून बघा, ते पडल्या पडल्या मरतात.

मधली_सुट्टी

ताई, मी ऐरोलीची. आई जाऊन तीन वर्षं होतील.

माझ्याकडे तिच्या आवाजाची एकच गोष्ट आहे. १४ सेकंदांची व्हॉइस नोट. "अगं, येताना कोथिंबीर आण. स्टेशनबाहेरची नको, ती सुकलेली देतो मेला. आणि छत्री घेतलीस ना?" मागे मिक्सर. शेवटी ती बटण सोडायला विसरते आणि मिक्सर थांबतो, आणि ती स्वतःशीच म्हणते, "हां, झालं." चटणी झाली असणार. ते "हां, झालं" मी किती वेळा ऐकलंय ते सांगणार नाही.

आईचे चांगले व्हिडिओही आहेत. साठीशांतीचे, पैठणी नेसून. त्यात ती कॅमेऱ्याकडे बघून हसते, "सगळ्यांचे आभार" म्हणते. ते आम्ही बघत नाही.

लिहू की बोलू विचारलंत म्हणून सांगते. आईचं लिखाण म्हणजे कालनिर्णयची पानं. दूध, इस्त्री, गॅस कधी लावला, बाई कधी आली नाही, सगळं त्या चौकोनांत. ती गेल्यावर मी माळ्यावरून जुनी कालनिर्णयं काढली, अकरा निघाली. ती पानं फेकायची नाही, मागच्या बाजूला वाणसामान लिहायची. वाचत गेले तर दुधाच्या खाली अधूनमधून भलतंच काही. "दूध १॥. पाऊस सुरू. भजी." "दूध १. हिला पहिला पगार. पेढे अर्धा किलो, ६ उरले." एका चौकोनात नुसतं "आज खूप हसलो." का हसलो ते नाही. बाबांना विचारलं, भावाला विचारलं, कोणाला आठवत नाही. त्या दिवशी दूध दोन लिटर आहे, म्हणजे कोणीतरी आलं होतं एवढं नक्की.

तुम्हाला जमेल त्या दिवशी चौकोनात चार शब्द लिहा. पण ताई, का हसलात तेही लिहा हो.

नौपाडा_जुना

माझ्या वडिलांनी १९८४-८५ च्या सुमारास टू-इन-वनवर स्वतःच्या आठवणी बोलून ठेवल्या. २२ कॅसेटी. कोकणातलं बालपण, चले जाव चळवळ, पहिली नोकरी, सगळं. लेबल एकावरही नाही. "ऐकलं की कळेल" म्हणायचे. कोणी ऐकलं नाही. आम्ही तेव्हा तरुण, आम्हाला वेळ कुठे. एका कॅसेटवर तर मी वर्ल्ड कपची कॉमेंट्री घेतली, १९८७ साली. वडील एक अक्षर बोलले नाहीत. ते अजून खुपतं.

काही वर्षांपूर्वी त्या संगणकावर उतरवून घ्यायला दिल्या. कुठे ते लिहीत नाही. २२ दिल्या, २१ परत आल्या. "तुम्ही २१च दिल्या होत्या काका." पावतीवर आकडा नव्हता, चूक माझी. देण्याआधी मोजा, लिहून घ्या, फोटो काढा.

सगळं ऐकायला मला एक पावसाळा लागला. चळवळीचं वगैरे ठीक आहे, ते पुस्तकातही मिळतं. मी थांबतो ते एका जागी. वडील रंगात येऊन सांगताहेत, तेवढ्यात मी खोलीत येऊन पंखा लावतो आणि ते ओरडतात, "अरे गाढवा, चालू आहे इथे!" मी म्हणतो, "काय चालूय?" ते म्हणतात, "काही नाही, जा." आणि पंखा तसाच राहतो, पुढची सगळी बाजू त्या घरघरीत आहे. तेव्हा मी ऐकायला बसलो असतो तर वेगळं काही निघालं असतं. म्हणून एवढंच की आपल्याला काय सांगायचंय याच्या आधी पोरीला काय ऐकायचंय ते विचारा. आणि प्रत्येक फाइलला नाव द्या. आधी तारीख, मग विषय. "नवीन रेकॉर्डिंग ४७" असल्या नावाची वस्तू कोणीही उघडत नाही.

गूळ घालायचा. पण चिंच असेल तरच.

घरपोच_परिचारिका

मी खारघर-बेलापूर भागात घरी जाऊन रुग्णसेवा करते, पॅलिएटिव्ह टीममध्ये, म्हणजे मोठ्या आजारातलं दुखणं आणि त्रास कमी करणाऱ्या. हा शब्द ऐकला की लोक दार लावून घेतात. हे काम फक्त शेवटच्या दिवसांचं नसतं, उपचार चालू असतानाही असतं.

तुम्ही जे करू बघताय त्याची एक रीतसर पद्धतही आहे. कॅनडातले मनोविकारतज्ज्ञ हार्वे चोचिनोव यांनी ती बसवली आणि २००५ मध्ये तिचा अभ्यास प्रसिद्ध केला. रुग्णाशी ठरावीक प्रश्नांवर गप्पा मारायच्या, त्या रेकॉर्ड करायच्या, उतरवून काढायच्या, नीट करायच्या आणि रुग्णालाच वाचून दाखवायच्या. त्याने हवं ते बदलायचं, मग प्रत घरच्यांना. वाचून दाखवण्याचा भाग मला फार आवडतो. तिथे माणसं हमखास म्हणतात, "हे नको, जावेला लागेल."

आता व्यवहाराचं. केमोनंतर पहिल्या आठवड्यात याच्या नादी लागू नका. अंगात बळ नसतं, तोंड आलेलं असतं, सगळ्याला लोखंडाची चव असते. तिसरा आठवडा, पुढच्या केमोच्या आधीचा, बहुतेकांना बरा जातो. दहा मिनिटं पुरे. जवळ पाणी ठेवा. ताप १०० च्या वर गेला तर रेकॉर्डिंग, पाहुणे, सगळं बाजूला ठेवून आधी हॉस्पिटलला फोन. हे तुम्हाला सांगितलेलं असेलच, मी सवयीने सांगते.

आणि रेकॉर्डिंगमध्ये मुलांकडून वचनं मागू नका. "बाबांना जप" हे पंधरा वर्षांच्या मुलीच्या कानात कायमचं राहतं. तुम्ही ते पत्र फाडलंत, बरं केलंत.

तिसरा_मजला

सगळ्यांचे आभार. (साठीशांतीतल्यासारखं झालं का?) उत्तराला तीन आठवडे लागले. मध्ये पाचवी केमो झाली. या नव्या औषधाने हाडं दुखतात आणि बोटांच्या टोकांना मुंग्या येतात, पण उलटी नाही. वरणभाताला वरणभाताची चव लागली परवा. मी दोनदा वाढून घेतलं.

@नौपाडा_जुना काका, लेकीला विचारलं. म्हटलं, तुला माझ्याकडून काय ऐकायचंय? मला वाटलं कणसाची गोष्ट म्हणेल. ती म्हणाली, "तू आणि बाबा लग्नाआधी कुठे भेटायचात ते." मी म्हटलं, कुठे म्हणजे, कोपिनेश्वराच्या देवळात. ती म्हणाली, "आई, खरं सांग." तर तो विषय बोर्डानंतरसाठी ठेवलाय. गडकरी रंगायतनच्या पायऱ्यांपाशी सुरू होतो, एवढं इथे सांगते.

@मधली_सुट्टी, नवीन कालनिर्णय लावलं. १ जानेवारीच्या चौकोनात लिहिलंय: "दूध १. लेकीने मला टोपी विणली, कान बाहेर राहतात. तीच घालून गच्चीत गेले, शेजारच्या काकूंनी ओळखलं नाही, 'कोण हवंय' म्हणाल्या. म्हणून हसलो." चौकोनात मावेना, शेवटचं समासात गेलं.

आता रेकॉर्डिंग. मागच्या रविवारी मटार आणले, दोन किलो. ओट्यावर नाही, आतल्या खोलीत गादीवर चादर पसरून आम्ही तिघं सोलायला बसलो. फोन नॅपकिनवर. पहिली सहा मिनिटं नुसता मटारांचा आवाज आहे, शेंग फुटल्याचा आणि दाणे पातेल्यात पडल्याचा. आधी टणटण, मग पातेलं भरत जातं तसा तो आवाज मऊ होत जातो. हे मला आजवर माहीत नव्हतं. मध्ये लेक म्हणते, "यात अळी आहे," मी म्हणते, "मग तिला सोड, ओरडू नकोस."

मग मी टोमॅटोची गोष्ट काढली. काउंटरचा सूर एकदाच लागला, "२६ जुलै २००५ रोजी" म्हणाले तेव्हा. लेकीने "रोजी?" म्हटलं, मग सुटला. सगळं सांगितलं. पाऊस, रात्र, एक निळी चप्पल. "पवई ते ठाणं, एवढ्या पाण्यातून या माणसाने अर्धा किलो टोमॅटो जपून आणले, एकही फुटलेला नव्हता."

इथे यांचा आवाज येतो. तोवर हे पूर्ण गप्प.

"पाऊण किलो."

मी म्हणते, "अर्धा."

"पाऊण. आणि पवईहून कोण आणेल? तीन हात नाक्यावर घेतले."

मग रेकॉर्डिंगमध्ये काहीच नाही. मटारही नाहीत. खालून कोणाची तरी स्कूटर सुरू होते.

"म्हणजे?" ही मी.

"म्हणजे रात्र कांजूरच्या शाळेत काढली, तिथे टोमॅटो कुठून आणू? चेकनाका ओलांडला तेव्हा आठवलं. तीन हात नाक्यावर एक जण गाडी लावून बसला होता, दुप्पट भाव सांगत होता. अर्धा किलो देईना. म्हणाला सुटे नाहीत, पाऊण घ्या. म्हणून पाऊण."

"आणि वीस वर्षं तुम्ही हे मला..."

"तू रडत होतीस. मध्ये कुठे सांगणार?"

यावर लेक जी हसत सुटली आहे, ती पुढे जवळजवळ दोन मिनिटं हसतेच आहे. पातेलं कलंडल्याचा आवाज आहे. हे "अगं मटार, मटार" म्हणताहेत. मी काय म्हणतेय ते मलाच नीट कळत नाही, मीही हसतेय, आणि @उशाशी_रेडिओ काका, ती नाकात बोलणारी बाई हसते मात्र माझ्यासारखीच. मग लेक धाप टाकत विचारते, "पण बाबा, चपला? एक निळी, एक काळी?"

हे म्हणतात, "ती वेगळी गोष्ट आहे."

आणि तेवढ्यात कुकर. मी "तिसरी झाली, बंद कर" म्हणते, लेक उठताना फोनला पाय लावते आणि रेकॉर्डिंग संपतं. फाइलचं नाव तिनेच टाकलंय: तारीख, आणि पुढे "टोमॅटो घोटाळा भाग १". चपलांचं यांनी अजून सांगितलेलं नाही. सहाव्या केमोच्या आधी गाजर हलव्यासाठी गाजरं किसायची आहेत, तेव्हा पुन्हा बसवणार आहे.

गुळाबद्दल मात्र तुमचं चूक आहे काका, चिंच नसतानाच गूळ लागतो.